बरणीतले दैव

'लकी बांबू' या नावात शब्द दोनच आहेत. त्यांतला दुसरा खोटा आहे, हे वनस्पतिशास्त्र खात्रीने सांगते. पहिल्याचे खरेखोटे कोणत्या शास्त्राला विचारावे? तो कुठल्याच शास्त्राच्या वाट्याला आलेला नाही, म्हणून तुमच्या-आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतो. आणि फराळाचे ताट पुढ्यात असताना असल्या प्रश्नांवर बोलायला आपल्याला आवडतेही.

आमच्या कर्जत-खालापूर भागात हे झाड अलीकडे फार दिसू लागले आहे. शनिवार-रविवारी मुंबईहून आपापल्या फार्महाऊसवर येणाऱ्या मंडळींच्या मोटारी रस्त्याकडेच्या रोपवाटिकांपाशी थांबतात आणि काचेच्या बरण्या सांभाळून मांडीवर घेऊन पुढे निघतात. आत रंगीत गोटे, बोटभर पाणी आणि लाल फितीने बांधलेल्या तीन किंवा पाच हिरव्या कांड्या. वास्तुशांतीला हीच भेट, दुकानाच्या उद्घाटनाला हीच, आणि आता दिवाळीत काजूकतलीच्या पेटीच्या जोडीलाही हीच. देणारा म्हणतो, "घरात ठेवा, भाग्य येतं." घेणारा हसून घेतो. नाही कोण म्हणणार?

आधी खोट्या शब्दाचा निकाल लावू. हे झाड मूळचे मध्य आफ्रिकेतले, कॅमेरूनकडचे. शास्त्रीय नाव ड्रॅसिना सँडेरियाना. यातले सँडर हे आडनाव इंग्लंडात सेंट अल्बन्स येथे ऑर्किडची भली मोठी रोपवाटिका चालवणाऱ्या, जन्माने जर्मन असलेल्या फ्रेडरिक सँडर यांचे. म्हणजे जन्म आफ्रिकेत, बारसे युरोपात, भाग्याची उपाधी चीनमध्ये आणि मुक्काम आमच्या टीव्हीशेजारी! कुळ पाहावे तर शतावरीचे. बाळंतिणीला दूध यावे म्हणून आमच्या आज्या जिची मुळे दुधात उकळून द्यायच्या, ती शतावरी याची दूरची आतेबहीण शोभेल. बांबूशी मात्र याचे नाते फक्त पेरांचे. दिसण्यावरून आडनाव मिळालेला हा इसम आहे.

खरा बांबू गवत आहे. भात, ऊस आणि गणपतीला वाहायच्या दूर्वा हे त्याचे भाऊबंद. १९२७ च्या वनकायद्याने त्याला झाडांत ढकलले होते, आणि त्या पायी बांधावर स्वतः लावलेला बांबू तोडून नेतानाही शेतकऱ्यामागे परवान्याच्या कटकटी लागत. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरच्या बांबूला त्या व्याख्येतून मोकळे केले. गवताला गवत म्हणवून घ्यायला ९० वर्षे लागली. असो.

हा खरा बांबू आमच्या बाजूला काय काय करतो ते पाहा. पावसाळ्याच्या तोंडाला ठाकर-कातकरी बायका त्याचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, बाजारात घेऊन बसतात. कच्चे खाल्ले तर विषारी, उकळून पाणी फेकले की रुचकर. भात पाखडायचे सूप त्याचे, मासे धरायची खोईन त्याची, रानात भिजू नये म्हणून डोक्यावर घ्यायचे इरले त्याचे, दाणे साठवायची कणगी त्याची. पाडव्याला गुढी त्याच्यावर चढते. दिवाळीचा जुन्या पद्धतीचा आकाशकंदील त्याच्याच कामट्यांवर उभा राहतो. आणि शेवटी तिरडीही त्याचीच. संस्कृतात बांबू आणि घराणे या दोहोंना मिळून एकच शब्द आहे, वंश. म्हणून कित्येक घरांत बांबू चुलीत घालत नाहीत. इतके सगळे करणाऱ्या या गवताला 'लकी' मात्र कोणी म्हटले नाही. रोज कामाला येणाऱ्याला आपण कामाचा म्हणतो. भाग्याचा मान बहुधा शोकेसवर बसणाऱ्यालाच मिळतो.

आता पहिला शब्द. चीनमध्ये या झाडाच्या नावाचा अर्थ साधारण 'श्रीमंती-प्रतिष्ठेचा बांबू' असा होतो. कांड्या किती ठेवायच्या याचेही शास्त्र आहे: दोन प्रेमासाठी, तीन सुखासाठी, असे चढत जाते. चार मात्र कोणाला देऊ नयेत. कारण चिनी भाषेत चार या शब्दाचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जवळजवळ जुळतो. आमच्या मराठीत चार हा किती भला आकडा आहे! चार घास, चार पैसे, चार माणसांतली अब्रू. खांदा देणारेही चारच असतात हे खरे, पण तेवढ्यावरून कोणी चाराला भीत नाही. भाषा बदलताच जे बदलते ते दैव त्या कांडीत कसे असेल? ते ऐकणाऱ्याच्या कानात असले पाहिजे. मनीप्लँटची गोष्ट तर याहून गमतीची. तो विकत घेऊ नये, चोरून आणावा, चोरलेला फळतो, अशी समजूत आहे. वर्गातून कोणाची पेन्सिल चुकून घरी आली तर मुलाचा कान धरणारी आई शेजारणीच्या जिन्यातून मनीप्लँटची फांदी पदराखाली घालून आणते, आणि त्यात तिला काही विसंगत वाटत नाही.

या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. मला तो उद्योग करायचा नाही. देणारा माणूस मनात 'तुमचे बरे होवो' एवढेच म्हणत असतो, आणि ते म्हणायला हिरवी कांडी काही वाईट नाही. माझी अडचण दिल्यानंतर सुरू होते. कारण ही भेट मिठाईसारखी संपत नाही. ती जिवंत आहे. भाग्य देण्यापूर्वी ती आपल्याकडे काही मागते.

काय मागते? थोडेच, पण नेमाने. पाणी आठवड्याला बदलावे लागते. नळाचे असेल तर आदल्या रात्री उघड्या भांड्यात काढून ठेवावे, म्हणजे त्यातले क्लोरीन उडून जाते. पाण्यात क्षार किंवा फ्लोराईड जास्त असले तर पानांची टोके तपकिरी पडतात. फ्लोराईड रात्रभर ठेवल्याने जात नाही, तिथे पाणीच बदलायला हवे. पावसाचे पाणी सर्वांत चांगले, आणि आमच्याकडे ते चार महिने फुकट कोसळते. उजेड हवा पण ऊन अंगावर नको. आश्विनातल्या कडक उन्हात खिडकीत राहिले तर पाने भाजतात. एखादी कांडी पिवळी पडली तर ती लगेच काढायची, कारण एकीची कूज पाण्यातून दुसऱ्यांना लागते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी उंच जागा बघायची, त्यांना ही पाने बाधतात. इतके केले की झाड वर्षानुवर्षे पाण्यात राहते. मातीत लावले तर अधिकच सुखाने राहते.

आता प्रश्न असा की हे सगळे कोण करते?

खोपोलीत आमच्या एका स्नेह्यांच्या घरी चहाला बसले होते. यजमान बरणीकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, हा बांबू आला आणि घराचं नशीबच पालटलं बघा. मुलाला नोकरी लागली, माझी अडकलेली थकबाकी सुटली." खुर्चीत त्यांच्या वृद्ध आत्या बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, कान तिखट.

"का रे, त्याचं पाणी कोण बदलतं?"

"कोण म्हणजे? हीच बदलते."

"आणि पोरगा तीन वर्षं पहाटेच्या लोकलनं कॉलेजला जात होता, त्याचा डबा?"

"तोही हीच करायची. पण त्याचा इथं काय संबंध, आत्या?"

"काही नाही. ती लाल फीत तेवढी तिच्या मनगटाला बांध."

आम्ही सगळे हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्या बरणी उचलून मोरीकडे गेल्या. तो दिवस शनिवार होता.

आत्यांनी थट्टेत जे म्हटले ते मला पुष्कळ दिवस पुरले. ज्याला आपण दैव म्हणतो त्यातला बराच भाग म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी निगा असते, आणि ती आपल्याला दिसत नाही, किंवा दिसूनही मोजायची नसते. बरणीला श्रेय देणे फार सोयीचे. बरणी परत काही मागत नाही, थकत नाही, 'मी नसते तर' असे कधी म्हणत नाही.

आमच्या जुन्या माणसांना हे कळत होते असे मला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वाटते. त्या संध्याकाळी आपण पूजा कशाची करतो? नोटा आणि दागिने असतातच; पण त्यांच्या शेजारी नवी केरसुणी ठेवून तिला हळदकुंकू वाहतो, आणि तिलाच लक्ष्मी म्हणतो. शिंदीच्या पातींची ती साधी जुडी. उद्या पहाटे ती कोणाच्या तरी हातात जाऊन झिजू लागणार, हे माहीत असून तिच्यापुढे हात जोडतो. भाग्याची देवता कामाच्या वस्तूत पाहणारी ही रीत ज्याने कोणी घातली त्याच्याशी माझे पटले असते. अर्थात केरसुणीला नमस्कार करणारे सगळेच दुसऱ्या दिवशी ती हातात धरतात असे नाही, पण तो दोष रीतीचा नव्हे.

शकुनांचीही एक निराळी जात असते, आणि ती खऱ्या बांबूपाशी सापडते. बांबू आयुष्यात बहुधा एकदाच फुलतो, रानच्या रान एकदम फुलते आणि मरते. हा फुलोरा म्हणजे दुष्काळाची खूण, असे लोक मानत आले. मिझोरामच्या डोंगरांत त्याला 'माउताम' म्हणतात. तिथला एक बांबू अठ्ठेचाळीस वर्षांच्या आसपास फुलतो. त्याच्या बियांवर उंदीर माजतात, आणि बिया संपल्या की शेते आणि कोठारे फस्त करतात. १९५८-५९ मध्ये तिथल्या लोकांनी आधीच सांगितले होते, पण तेव्हाच्या आसाम सरकारने ते मनावर घेतले नाही. मोठी उपासमार झाली, आणि त्या संतापातून पुढे एक बंड उभे राहिले. हाही शकुनच म्हणायचा. पण हा शकुन म्हणतो, कोठारे भरून ठेवा, उंदीर मारा, जागे राहा. बरणीतली कांडी म्हणते, आता काही काळजी नको. एक काम सांगते, दुसरी सुट्टी देते. शकुन पाळायचाच तर तो कामाला लावतो की कामातून सोडवतो, एवढे तरी पाहावे.

इथपर्यंत माझे म्हणणे मला नीट बसल्यासारखे वाटत होते. हेच वर्गात मुलांपुढे मांडले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, मग ज्यांचं वाईट झालं, त्यांनी काळजी घेतली नव्हती का?" प्रश्न साधा होता आणि तो टाळता येण्यासारखा नव्हता. नशीब म्हणजे निगा असे म्हटले की कमनशिबी माणूस आळशी ठरतो. सुखी माणसांना हे तत्त्वज्ञान फार आवडेल. आपले सुख आपण कमावले आणि त्याचे दुःख त्याने ओढवून घेतले, असे दोन्ही हिशेब त्यात एका झटक्यात चुकते होतात.

आणि आमच्या तालुक्यात तर हे बोलताना जीभ अडखळायलाच हवी. चौकला उभे राहिले की इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या पायथ्याच्या डोंगरावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, डोंगराचा कडा तिच्यावर आला. वर गाडी जाणारा रस्ता नव्हता. मदतीला आलेली माणसे चिखलातून पायी चढली आणि फावड्या-कुदळींनी माती उपसत राहिली. सत्तावीस मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबला, तेव्हा सत्तावन्न माणसे बेपत्ता होती. काही मुले त्या वेळी वाडीच्या शाळेत होती म्हणून वाचली, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते.

जात्यातले रडतात, सुपातले हसतात, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. सूप बांबूचेच. त्या रात्री शाळेत असलेल्या मुलांना काय म्हणायचे? भाग्यवान? आणि घरात निजलेल्यांनी कोणती निगा राखली नव्हती? घरे सारवलेली असतील, भाताची लावणी चालू असेल, लेकरे पोटाशी घेतलेली असतील. घराची निगा घरापुरती असते. डोंगराची निगा एका घराच्या हातात नसते. धोक्याच्या ठिकाणांची जी सरकारी यादी होती तिच्यात ही वाडी नव्हती, असे दुसऱ्याच दिवशी विधिमंडळात सांगण्यात आले. यादीत नसणे हे दैव म्हणावे काय? यादी माणसे करतात.

मी कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे योगायोगाचा हिशेब मला ठेवावा लागतो. वाचक पहिला योगायोग सोडून देतो, दुसऱ्याला कपाळावर आठी घालतो, तिसऱ्याला पुस्तक मिटतो. आयुष्याला वाचकाची भीती नसल्याने ते वाटेल तितके योगायोग वापरते. म्हणून त्या मुलीला मी दिलेले उत्तर असे होते: आधी बरेवाईट जे झाले त्यातून माणसांची निगा आणि माणसांची हयगय वेगळी काढायची. आपली, घरातल्यांची, शेजाऱ्यांची, सरकारची. प्रामाणिकपणे काढली तर ढीग पुष्कळ मोठा होतो. तरीही तळाशी काही उरतेच. शाळेत असणे आणि घरात असणे यांतले अंतर उरते. त्या उरलेल्याला दैव म्हणावे. पण त्याबद्दल वाचलेल्याने मिरवू नये आणि गेलेल्याला बोल लावू नये. मुलीने मान हलवली. तिला पटले की मधल्या सुट्टीची घंटा झाली म्हणून हलवली, ते मला कळले नाही.

बरणीकडे परत येऊ. तिच्यातले पाणी हा आपल्या एकट्याचा मामला नाही, हे एकदा सांगायलाच हवे. २००१ मध्ये चीनहून आलेल्या या झाडांबरोबर एडिस जातीचे 'वाघडास' लॉस एंजेलिसच्या बंदरात उतरल्याचे आढळले. झाडे जहाजातून पाण्यात उभी करून पाठवली जात होती. पुढे नेदरलँड्समधल्या काचगृहांतही हीच गोष्ट दिसली. भाग्याच्या पेटाऱ्यातून ताप! आपल्या घरातही साचलेले पाणी तसेच राहिले तर डेंग्यूचा डास तिथे घर करतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणूनच आरोग्य खाते आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगते. नुसते पाणी ओतून भागत नाही. ही मादी अंडी घालते ती पाण्याच्या कडेला, बरणीच्या आतल्या भिंतीवर, आणि ती अंडी कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. तेव्हा बरणी आतून घासायची आणि गोटेही चोळून धुवायचे. नाहीतर भाग्य आमच्या दिवाणखान्यात आणि ताप शेजारच्यांच्या पाळण्यात, अशी वाटणी व्हायची.

शेवटी, ज्यांना हे झाड विकत न घेता वाढवायचे आहे त्यांच्यासाठी. बरणीतली कांडी वरून छाटलेली असते, ती स्वतः उंच होत नाही. वाढतात ते तिच्या पेरांतून फुटलेले कोंब. त्यांतला चार-पाच इंचांचा एक कोंब धारदार सुरीने कांडीलगत कापावा, खालची पाने काढावी आणि बुडखा स्वच्छ पाण्यात ठेवावा. मूळ कांडीच्या कापलेल्या जागेवर मेणबत्तीच्या मेणाचा थेंब सोडला की ती कुजत नाही. तीन-चार आठवड्यांत तांबूस-केशरी मुळे फुटतात. तांबूस म्हणजे निरोगी. काळी, मऊ झाली तर ती कापून पाणी बदलावे. घटस्थापनेच्या सुमारास कापलेला कोंब दिवाळीपर्यंत बहुधा देण्याजोगा होतो.

मी यंदा असे सहा कोंब लावले आहेत. जुन्या जॅमच्या बाटल्या आहेत, फीत नाही. प्रत्येक बाटलीला एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर पाणी बदलण्याचा वार आणि पुढे एक रिकामी जागा, 'कोण बदलणार' हे लिहायला. भाऊबीजेला भाऊ आणि भाचे येतील तेव्हा देईन. धाकट्या भावजयीने फोनवर विचारलेच, "ताई, किती कांड्या शुभ असतात हो?"

म्हटले, "बाटलीच्या तोंडात मावतील तेवढ्या. आणि चिठ्ठीवर यांचं नाव घालायला सांग."